कणकेच्या गोळ्या

वडील गेल्यापासून दर अमावास्येला आई त्यांच्या नावानं रंकाळ्यातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. नव्वदच्या दशकात मी तिला रत्नागिरीचं मत्स्यालय दाखवायला नेलं, तर तिथंही तिनं डब्यातून गोळ्या आणलेल्या! रखवालदारानं हटकलं, "मावशी, कणकेनं पाणी नासतं. मासे मरतात." मला संताप आला. खरं सांगायची एवढी घाई कशाला?

आई काचेपलीकडच्या कासवाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे रंकाळ्यातलं मासं मी मारलं व्हय रं?"

पुढच्या अमावास्येला ती रंकाळ्यावर गेली नाही. कणीक मात्र मळली, एक चपाती जास्त लाटली आणि वडिलांच्या जागेवर ताट वाढलं.

संध्याकाळी ताट तसंच होतं. मासे निदान खायचे तरी.