भर कोर्टातलं गाऱ्हाणं

माझ्या बायकोच्या मामांइतका भांडकुदळ नास्तिक अख्ख्या सिंधुदुर्गात झाला नाही, आणि लोकांच्या देवधर्मासाठी त्यांच्याइतका कोर्टात भांडलेलाही दुसरा कोणी नाही. मालवणात वकिली करायचे. घरात देव्हारा नाही. चतुर्थीला आरतीची वेळ झाली की छत्री घेऊन बंदरावर चालते व्हायचे. पण तुरुंगात कुणाला रोज्याच्या दिवसांत पहाटेचं जेवण नाकारलं, असं कानावर आलं की मामा पेटलेच. "देव माका नको. पण हेंका होयो तर तो काढून घेणारो तू कोण?" हे ते पुढ्यात असेल त्याला विचारत, आणि पुढ्यात बहुतेक वेळा मीच असे. मोबाईल नुकते आले होते, पण मामांचा आवाज त्याशिवायही पलीकडे पोचला असता. एकदा दोडामार्गाकडच्या एका ख्रिस्ती कैद्याची जपमाळ काढून घेतली. गळफास लावून घेईल म्हणे! मामांनी तुरुंगाधिकाऱ्यासमोर हात पसरला. "मगे तुझो पट्टो दी. तुझो जीव काय कमी मोलाचो?" साहेबांनी एका हाताने पँट सावरत दुसऱ्या हाताने माळ परत केली.

त्या रापणकराचं, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या पोराचं, प्रकरण आठवलं की मात्र अजून माझं डोकं फिरतं. जाळ्यांवरून झालेल्या मारामारीत आत गेलेला कच्चा कैदी, आईबापाला एकुलता एक. बाप वारला. शेवटचं तोंड बघणं हुकलंच. निदान दहाव्याला बंदोबस्तात किनाऱ्यावर आणा, बापाला पाणी देऊ दे, एवढाच अर्ज. तुरुंग म्हणे, नियमात बसत नाही. न्यायाधीश घाटावरून नवे आलेले. त्यांनी शांतपणे पुढली तारीख दिली, ती बाराव्याच्याही नंतरची. मेलेल्या माणसाने कोर्टाच्या सोयीने ताटकळायचं! मामांनी फाइल मिटली, हात जोडले आणि देवळात गावचा मानकरी, गावकर, सगळ्यांच्या वतीने देवाला घालतो तसं भर कोर्टात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या हातसून बापाक पाणी पावांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पक्षकार, पट्टेवाला, पहाऱ्यावरचे हवालदार, इतकंच काय, सरकारी वकीलसुद्धा एका सुरात म्हणाले. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या माणसाच्या तोंडून ते निघतंच. आपण कुठे उभे आहोत हे नंतर सुचतं. न्यायाधीश लालबुंद झाले. मामांना सणसणीत ताकीद मिळाली. पण सरकारी वकीलच 'होय' म्हणून बसल्यावर हरकत घेणार कोण? हुकूम मिळाला.

दहाव्याला आम्ही किनाऱ्यावर वाट बघत बसलो. ऊन चढलं, भटजी चुळबुळू लागले. शेवटी निरोप आला, गाडी कुठल्याशा मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेली आहे, कैदी आणता येत नाही. असा संताप आला म्हणून सांगू! नाइलाजाने मयताचा पुतण्या पुढे झाला. तेवढ्यात मामा उठले. "तू तुझा पाणी दी. तेच्या वाटचा मी देतंय."

"मामा, तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्ही तर यातलं काही मानत नाही."

"मी खंय मानतंय? वकीलपत्र घेतलंय मी तेचा. तेका आणल्यानी नाय, तर तेच्या जाग्यार उभ्या रवाचा काम माझा."

काळ्या कोटासकट ते गुडघाभर पाण्यात शिरले आणि अशिलाचं नाव घेऊन त्यांनी ओंजळ सोडली. त्यांचा आवाज इतका हळू मी कधीच ऐकला नव्हता.

आता मामा नाहीत. कुणावर रागवावंसं वाटलं की त्यांची फार आठवण येते. दहाव्याच्या त्या संध्याकाळी आम्ही तसेच तुरुंगात गेलो होतो. जाळीपलीकडून त्या पोराने विचारलं, "बापाशीक पाणी कोणी दिला?"

मामा म्हणाले, "तू दिलंस."