न डुलणारी होडी

कुठलीही नवी वस्तू दिसली की अण्णा आधी तिच्यावर बसत आणि कंबर डावी-उजवी हलवून बघत. "बसल्याबिगर कळत न्हाई," असं वर म्हणत. सोनपेठच्या आडतीवर मी मुनीम, ते धान्याची पोती तोलणारे मापाडी. एस.टी.त त्यांनी सीट तपासली की टायर फुटलं समजून ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा. त्यांनी तपासलेली आमची एक बाज आम्ही पुढं सतरंजी म्हणून वापरली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एवढ्या वजनाचा नसेल.

त्यांच्या मुलीनं कोकणातल्या मुलाशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. पाच वर्षं त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. मग एक दिवस तिचाच फोन आला.

"अण्णा, नवशिक्यांना समुद्रात न्यायला कयाक घ्यायचीय. न डुलणारी. तुमीच निवडून द्या."

कयाक म्हणजे वल्ह्यानं हाकायची निमुळती होडी, हे मी सांगितलं. समुद्र त्यांनी कॅलेंडरवरच पाहिलेला. पोहता तर मुळीच येत नव्हतं.

"तिकडं मानसं न्हाईत का?" ते माझ्यावरच डाफरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात हजर. "चला मुनीमजी. पोरगी कुनाला तरी बुडवंल."

किनाऱ्यावर विकणाऱ्यानं दोन कयाक ठेवल्या होत्या, एक सडपातळ, एक रुंद बुडाची. बाप-लेक एकमेकांकडे न बघता होड्यांकडेच बघत होते. जावई लांब उभा. अण्णा सडपातळ होडीत वाळूवरच बसले, कंबर हलवली.

"पक्की हाय! ढिम्म हलत न्हाई."

"अण्णा, वाळूवर सगळ्याच पक्क्या. पाण्यात बसा."

"तू मला शिकवायलीस?"

कमरेइतक्या पाण्यात ती होडी अशी उलटली, की अर्धा अरबी समुद्र त्यांच्या पोटात गेला. त्या दिवशी ओहोटी लवकर लागली, असं तिथले लोक सांगतात. जावयानं धावत येऊन काखेत हात घालून त्यांना वर काढलं. ते खोकले, थुंकले. पण त्याचा हात झटकला नाही.

आता त्यांच्यातला मापाडी जागा झाला. "पोत्यांची थप्पी बी बुडात रुंद आन् जड लागती. वाळूचं पोतं आना." अर्धं पोतं रुंद होडीत, बैठकीमागं, तळाशी ठेवलं. ते बसले, हलले. होडी कलली आणि सावरली. जावई हातानं लाटा उठवत होता आणि हे ओरडत होते, "अजून! अजून मारा!"

"घ्यायची का मग?" लेकीनं विचारलं.

"थांब की." ते उतरले आणि त्या मुलाकडे पहिल्यांदाच सरळ बघून म्हणाले, "जावईबापू, तुमी बसा. मी धरतो."

जावई बसला. त्यांनी होडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. लाट छातीपर्यंत आली, मग हनुवटीला लागली. पोहता न येणारा तो माणूस डोळे गच्च मिटून उभा राहिला, पण टोक काही त्यानं सोडलं नाही.