सरकारचा जावई

परदेशी नागरिक झालेल्या आमच्या जावईबापूंनी व्हिडिओ कॉलवर नवं लायसन्स नाचवलं. "बाबा, हे काढलं आणि इथल्या सरकारनं मतदार यादीत माझं नाव आपोआप घातलं!"

माझ्या पोटात असं दुखलं की शेजारणीनं वाटीभर ओवा पाठवला. जावयाला पाट मांडून वाढायचं आणि मला जेवणासाठी अर्ज भरायला लावायचं! नाव लागावं म्हणून मी इतके खेटे घातलेत की तहसील कचेरीतलं मांजरही "आलात काका?" म्हणतं. यादीत नाव मात्र अजून नाही.

"मग परवाच्या निवडणुकीत मत कुणाला दिलंत?" मी विचारलं.

"छे हो बाबा, कंटाळा आला. गेलोच नाही."

नावाचा हेवा मी एक वेळ गिळला असता. पण मत इतकं हक्काचं असावं की त्याचा कंटाळाही करता यावा, ही श्रीमंती मला काही केल्या पचेना.