उतरल्याची हाक

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. कोरीटहून बसने नंदुरबारला जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आणि हे मी कुणालाही न लाजता सांगते. आता वीजवाहिन्यांच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटर आहे. धडगावच्या घाटात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून दुरुस्तीच्या टोळीशी बोलणं वायरलेसवर. रेडिओ टेकडीवर, आणि त्याला चालवणारा रिमोट कंट्रोलर माझ्या टेबलावर.

टोळीची एक रीत होती. काम संपलं की मुकादम हातातला सेट लांब धरायचा, आणि खांबावरून खाली आलेला प्रत्येक जण जिथे असेल तिथूनच ओरडायचा, "उतरलो!" चार वायरमन, चार हाका. त्या ऐकल्याशिवाय मी लाइन चालू करायची नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

मग नवा डिजिटल कंट्रोलर आला. खरखर गाळतो, बोलणाऱ्याचा बारीक आवाज वर उचलतो, मोठा दाबतो. साहेब खूश. "आता कसं, टीव्हीवरच्या बातम्यांसारखं!" मलाही आधी बरं वाटलं. दोन-चार दिवसांनी लक्षात आलं की मुकादमामागचा घाट गेलाय. वारा नाही, जीप नाही, बैलांच्या घंटा नाहीत. जणू तो एखाद्या बंद खोलीतून बोलतोय.

त्या दुपारी फांदी पडून लाइन तुटली होती. काम झाल्यावर मुकादमाचा आवाज आला, "ताई, समदा खाले उतरनात. चालू करी दे."

"काका, हाका द्या."

पुढे नुसती स्वच्छ शांतता.

"ऐक्यात ना?"

"नाही आल्या."

"पोरे गळा फाडी ऱ्हायनात, अन् तुले नही आल्या? च्या पी ऱ्हायनी का काय?"

मला कारण कळलं. मशीनच्या हिशेबी सेटजवळ तोंड असलेला माणूस बोलतो, लांबून येतो तो नुसता कचरा. हाका गाळणीत अडकत होत्या. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"मुकादम सांगतोय ना? तिकडे दवाखान्यात लाइट नाही. कर चालू."

"सर, मला माणसं ऐकू आली नाहीत."

"तुझं कॉलेज ठेव बाजूला."

हे फार लागलं. फोन ठेवला आणि जिला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, ती सेटिंग उघडून गाळणी बंद केली. खोलीभर खरखर पसरली. वारा आला.

"काका, परत एकदा."

लांबून एक हाक आली. दुसरी. मग खोकत तिसरी. मी वाट पाहत राहिले.

"चौथा?"

"तो बी आठेच शे. आत्ते व्हता."

"तिथेच असेल, तर स्वतः बोलू दे."

मुकादम काहीतरी पुटपुटला. त्याने नाव घेऊन मारलेल्या हाका मला ऐकू येत होत्या, जवळ, मग लांब. उत्तर येत नव्हतं. माझा हात बटणापासून लांब, मांडीवर होता, तरी मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने मुकादम बोलला, धापा टाकत. च्याचा विषय संपला होता.

"ताई, तो पुढला खांबावर शे. वरच. तारमा अडकेल फांदी काढाले गया, कोणले सांगं नही." मग थांबून म्हणाला, "चालू करू नको."

चौथी हाक आल्यावर मी ती दोनदा परत द्यायला लावली. मग लाइन चालू केली. दवाखान्यात लाइट आली.

संध्याकाळी साहेब आत आले. "ती खरखर बंद कर, डोकं दुखतं."

"दुखू द्या, सर," मी म्हटलं. काय झालं तेही सगळं सांगितलं. ते निघून गेले.

आता रोज सकाळी ड्युटीवर आले की गाळणी चालू केलेली सापडते. मी बंद करते. माझ्या सुट्टीच्या दिवशी ती कोण बंद करतं, की करतच नाही, मला माहीत नाही. त्या दिवशीही टोळी घाटात असते.