सहावं ते सातवं टेकाड

डिसेंबर १९९४ मधल्या एका रविवारी, कोयनेच्या पाण्याने वेढलेल्या एका बेटावर, आम्ही दोघे सहाव्या टेकाडावरून सातव्यावर बारा मिनिटांत पोचलो. त्या वाटेला किमान तासभर लागतो.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. भुताखेतांची पत्रं आली की टोपलीत टाकायचं काम माझंच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... पण या नोंदी माझ्याच हातच्या आहेत.

सोबत माझा मावसभाऊ होता — मलकापूरचा, सैन्यात हवालदार. त्याला मी आबा म्हणतो. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तो रजेवर आला होता आणि महिन्याभरात मेडिकल बोर्ड, म्हणजे सैन्याची तंदुरुस्तीची तपासणी, होतं. बेटावर छोटी छोटी नऊ टेकाडं आहेत. एका दिवसात नऊही चढायची, असं त्याने ठरवलं.

"नऊ झाली तर बोर्डापुढं जातो. न्हाई तर पेन्शनचा कागद भरतो."

नियमही त्याचेच. प्रत्येक माथ्यावरून दोघांनी एकेक दगड उचलायचा, खडूने त्या टेकाडाचा आकडा लिहायचा आणि पुढच्या माथ्यावर ठेवायचा. वेळ मी वहीत टिपायची.

सहावा माथा सोडला तेव्हा ११.४०. समोर सातवं, मध्ये खोल घळ आणि कारवीचं दाट रान. आबाच्या गुडघ्याची खरी परीक्षा हीच उतरण होती. तो पुढे, मी मागे.

"हळू उतर," मी म्हणालो.

"तू पडू नको म्हंजे झालं."

एवढं आठवतं. त्यानंतर पायाखाली तांबडा जांभा होता. तो फक्त सातव्यावर आहे. ११.५२. दोघांची घड्याळं सारखीच. अंगावर कारवीचा एक ओरखडा नाही, दम लागलेला नाही. हातातले काळे दगड जांभ्यावर ठेवले. उरलेली दोन टेकाडंही झाली.

संध्याकाळी होडीत बसताना नावाडी गणपतराव म्हणाले, "आवं हवालदार, मी चुलीवर चहा ठेवला तवा तुमी सहाव्यावर हुता. उकळी फुटली आन् बघतोय तर सातव्यावर. वाट कुठली काढलीसा?"

आबाने माझ्या वहीवर बोट ठेवलं. मग मला विचारलं, "किती झाली?"

"नऊ."

"आठ. घळ उतरल्याची मला याद न्हाई. बोर्डापुढं खोटं सांगू व्हय?"

"तिथं घळीचं कोण विचारणार आहे?"

"गुडघा इचारंल की."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. सहाव्यावरून घळीत उतरलो. कारवीने हात सोलले. आबा दोनदा खाली बसला, दोनदा उठला. सातव्याच्या माथ्यावर दोन काळे दगड होते, दोन्हींवर खडूने सहाचा आकडा. एक त्याच्या अक्षरात, एक माझ्या. आबाने शेजारी तिसरा ठेवला.

"आता नऊ," तो म्हणाला.

त्या बेटावर नंतर मी आणखी एकदा जाऊन आलो, जवळची वाट शोधली. नाही. गणपतरावांनाही माहीत नाही. खुलासा माझ्याकडे नाही.

आबा जानेवारीत बोर्डातून पास होऊन पलटणीत परतला. वहीत 'सहावं ते सातवं' ही नोंद त्याच्यासोबत दोनदा आहे. पहिली, बारा मिनिटं. दुसरी, एक तास नऊ मिनिटं.