मऊ तुकडा

सफ्रू गावच्या विणकरआळीत महजूबा दारात उभी राहिली की दार भरून जायचं. अल्लाल, तिचा नवरा, जन्मभर मागावर बसून काडी झालेला. पण बायकोच्या भरल्या अंगाचं कौतुक गावभर सांगायचा. शुक्रवारी नमाजानंतर घरात कुसकुसची, रव्याच्या वाफवलेल्या कण्यांची, परात यायची. सगळ्यांची एकच परात, ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातलं खायचं, मधलं मांस मात्र घरच्या बाईनं वाटायचं. महजूबा मऊ तुकडा नवऱ्याकडे सरकवायची, तो परत ढकलायचा.

"घ्या म्हणते ना! माग काय हवेवर चालतो?"

"तू घे गं आधी!"

एवढ्याशा तुकड्यावरून उभा जन्म भांडण.

गेल्या वर्षी रमजान सरला, ईद झाली. ईदनंतर पुण्यासाठी करायचे सहाच उपास महजूबानं धरले, ते संपेचनात. शेजारणी म्हणायच्या, "अगं, स्वर्गात जागा धरून ठेवलीस की काय!" अल्लालची छाती फुगायची. पुतण्याच्या लग्नात तिचा चांदीचा कंबरपट्टा सैल होऊन थेट पायांत पडला, तेव्हा यानंच थट्टा केली, "पुन्हा नवरी व्हायचंय वाटतं?" ती हसली, हाही हसला. मोठा शहाणा!

मग मुलगी इतो माहेरी आली आणि आईला मिठी मारताच चरकली.

"बाबा, नुसती हाडं लागतायत हिची. जेवते ना ही?"

"जेवते की! परातीला बसते आमच्याबरोबर."

बसते, वाटते, पण खाते किती? एका परातीत कुणाचा घास कोण बघतो? इतोनं आईला उपासांचं विचारलं, तर ती गोंधळून म्हणाली, "म्हणजे? रमजान चालू आहे ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरायला कारणं पुष्कळ असतात, सगळी तपासू. पण या वयात असं उगाच उतरलं, तर विसरण्याच्या आजाराचीही शंका घ्यावी लागते. कधीकधी आठवण जायच्या कितीतरी आधी अंग उतरायला लागतं." तपासण्या झाल्या. तोच आजार निघाला. "आता आणखी उतरू देऊ नका," एवढंच त्यांनी बजावलं.

हल्ली कुसकुस अल्लालच वाफवतो, गोळे होतात मेले. आजही शुक्रवार. दोघंच परातीला बसली. त्यानं मऊ तुकडा तिच्याकडे सरकवला.

"राहू द्या हो," ती परकेपणानं म्हणाली. "आमचे हे येतील आता मागावरून, भुकेले."

अगं, मीच तो, असं अल्लालनं गेल्या शुक्रवारी सांगून पाहिलं होतं. ती घाबरून परातीवरून उठली होती, उपाशीच. तिनं एकदा, एकदाच, खेकसून तुकडा ढकलावा म्हणून जीव तुटत होता त्याचा.

"ते जेवले, बाई," तो म्हणाला. "हा तुम्हाला ठेवलाय म्हणाले."

महजूबा लाजली. "भांडले नाहीत?"

"नाही."

मग तिनं तो तुकडा खाल्ला.