चार बोटं खाली

दूध उतू जायच्या बेतात होतं. आमचे हे दुसऱ्या पायाच्या मोज्याच्या शोधात पलंगाखाली शिरले होते, आणि मी एका हाताने गॅस बारीक करत दुसऱ्या हाताने त्यांचा डबा भरत होते. तेवढ्यात दारावर, अगदी खालच्या अंगाला, ठकठक झाली. बेल असताना दार कोण बडवतंय म्हणून जरा वैतागूनच उघडलं, तर समोरच्या गॅरेजचे उस्ताद. आमच्या दाराची पायरी उंच आहे. तिच्यावर चढून बेलपर्यंत पोचणं त्यांना जमलं नव्हतं, म्हणून खालीच उभे राहून काठीचं टोक दारावर आपटत होते.

“काका, या ना आत.”

“येतो. हात द्या जरा. आणि दार लावून घ्या.”

हात दिला. एके काळी हा माणूस इंजिन एका अंगावर पेलायचा, आता त्याचं वजन हाताला लागलंही नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि खिडकीतून स्वतःच्याच गॅरेजकडे चोरासारखे बघू लागले. गॅरेजच्या दारात त्यांची जुनी पिकअप धुऊनपुसून उभी होती. तिला बघायला आज गिऱ्हाईक येणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

पिकअप पुढून खाली बसवण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. तरुण पोरांना गाडीचं नाक खाली झुकलेलं लागतं. उभी असली तरी झेप घ्यायच्या तयारीत दिसते म्हणे. ते करायच्या वाटा दोन. एक आडवाट: पुढच्या स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापायचे. चहा निवायच्या आत गाडी खाली. पण कापलेल्या स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. खड्डा आला की गाडी थेट आतल्या रबरी ठोकळ्यावर आदळते, चाकं आत झुकतात, आणि वळणावर गाडी तुम्ही नेता तिकडे जात नाही, तिच्या मनाला येईल तिकडे जाते. दुसरी वाट उस्तादांची. चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं, त्याला हे लोक स्टब म्हणतात. तोच बदलायचा. नव्या स्टबवर चाक थोडं वरच्या अंगाला बसतं, म्हणून गाडी तेवढी खाली येते, पण स्प्रिंगला कोणी बोटही लावत नाही. ती पूर्वीसारखीच दबते, पूर्वीसारखीच उसळते. मग मालकाला सीटवर बसवून उंचीचं माप घ्यायचं, चाकांची चाल सरळ करायची, आणि पहिला फेरा मारायचा तो ज्याने काम केलं त्यानेच. “ज्याचा हात, त्याचा जीव आधी,” असा त्या गॅरेजचा कायदा.

मला हे सगळं ठाऊक असण्यात काही मोठेपणा नाही. आमची खिडकी आणि ते गॅरेज समोरासमोर, आणि उस्तादांचा आवाज दोन्हीला पुरून उरणारा.

जीभही तशीच. कापलेल्या स्प्रिंगची गाडी कोणी दुरुस्तीला आणली की चारचौघांत विचारायचे, “गाडी आणलीस की पाळणा? बाळ कुठंय?” पोरगं कानापर्यंत लाल व्हायचं, आणि उस्ताद मिशीतल्या मिशीत हसायचे. सगळ्यात जास्त झळ बसली ती जावयाला. तो गॅरेजमधलाच कामगार. मुलीने हट्टाने त्याच्याशी लग्न केलं. मुलगी दिली पण पाना दिला नाही, असं गल्लीत म्हणत, ते खोटं नव्हतं. जावई म्हणून त्याला अहोजाहो करायचे, आणि त्या अहोजाहोतच सोलून काढायचे.

“जावईबापू, आपण चहा सांगून या. हे काम डोक्याचं आहे.”

अरेतुरेतली शिवी परवडली असती. गिऱ्हाईक हसायचं, आणि जावई खरोखरच चहा सांगायला निघायचा.

मग ते झालं. कुणाची तरी घाई होती, आणि स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका म्हणून जन्मभर इतरांवर खेकसणारे उस्ताद स्वतः नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरले. जॅक सरकला. कंबर आणि मांडी गाडीखाली आली. जावयाने एकट्याने गाडी उचकटून त्यांना बाहेर ओढलं. ओढलं नसतं तर उस्ताद त्या दिवशीच संपले असते, हे तो पुढे कधी कुणाला विसरू देत नव्हता, आणि उस्तादांना तर नाहीच. डावा पाय आखूड झाला आणि गुडघ्याच्या वर उचलेनासा झाला. खाली वाकणं तर संपलंच.

त्यानंतर गॅरेजमध्ये कुणी गाडीबद्दल काही विचारलं आणि उस्तादांनी तोंड उघडलं, की जावई लगेच म्हणायचा, “बाबा, आपण पडा जरा. हे काम पायांचं आहे.” बोलणं अगदी मऊ. गिऱ्हाईक आताही हसायचं. जावयाने मग त्यांचं नावच पाडलं, अर्धा उस्ताद. हे नाव त्यांच्या मुलीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ती फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होती: “अर्ध्या उस्तादांचं गॅरेज विचारा, कुणीही दाखवेल.” वडील शेजारीच बसले होते.

एक गोष्ट मात्र त्यांची उरली होती, ती पिकअप. हात शाबूत होते, उजवा पाय शाबूत होता, गीअर आपोआप पडणारे होते, त्यामुळे चालवणं जमत होतं. चढणं जमत नव्हतं. जावई बगलेत हात घालून त्यांना उचलायचा आणि भर रस्त्यात विचारायचा, “पोतं कुठं उतरवू?” मुलगी पदर तोंडाला लावून हसायची. उस्तादांनी बाहेर पडणं सोडलं. दिवसच्या दिवस मागच्या खोलीत, जुन्या टायरांच्या वासात, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

मग एक दिवस त्याच खोलीत, माझ्याच समोर, त्यांनी मान खाली घातली. “जावईबापू, गाडी पुढून चार बोटं खाली घेता का? तेवढं झालं की माझा पाय आत पडेल. स्टबची जोडी मी जपून ठेवलीय, या गाडीसाठीच.” तेलाच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं त्यांनी पलंगाखालून काठीने पुढे सरकवलं.

“आपण सांगाल तसं, बाबा,” जावई म्हणाला.

मुलगी म्हणाली, “करतील ते. पण एक सांगून ठेवते. नंतर हे असं नाही, ते तसं नाही, ही कुरकुर कानावर आली, की त्याच दिवशी गाडी विकून टाकू. आयुष्यभर ऐकलंय त्यांनी तुमचं.”

उस्ताद हो म्हणाले. नाही म्हणून जातात कुठे.

गाडी खाली झाली. गल्ली जमली. मीही हात पुसत बाहेर आले. उस्तादांनी रीत सोडली नाही. “पहिला फेरा आपला, जावईबापू. ज्याचा हात.”

“छे छे. मान तुमचा. उस्ताद तुम्ही.”

उस्तादांनी दार धरलं, उजव्या पायावर भार घेतला, आणि डावा पाय आत पडला. कुणी बगलेत हात घातला नाही. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला नीट सांगता यायचं नाही. लहान मूल पहिल्यांदा एकटं जिना उतरून आलं की वर बघतं, तसं काहीसं.

गाडी कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गेली आणि पुढून असा धाडकन आवाज आला की आमच्या ओट्यावरचं भांडं खुळखुळलं. माझ्या कानाला कळलं, तर त्यांना कळलं नसेल? परत आले तेव्हा दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. स्प्रिंग कापल्या होत्या. खाली वाकून बघायची त्यांची सोय नव्हती, आणि गरजही नव्हती.

“कशी झालीय, बाबा?” जावयाने विचारलं. सगळे बघत होते. मुलगी दारात हाताची घडी घालून उभी होती.

उस्तादांनी चावी मुठीत घट्ट धरली. “झकास,” म्हणाले.

पुढे काही दिवसांनी एका बड्या बापाच्या लेकाची पिकअप गॅरेजमध्ये वर उचललेली होती. तिच्या पुढच्या चाकांत उस्तादांची ती जोडी. प्रत्येक स्टबच्या कडेला त्यांनी पोगर ठोकून उठवलेली खूण होती. जावयाने ती पुसायचीही तसदी घेतली नव्हती. उलट उस्तादांची खुर्ची त्या दिवशी त्याने त्या गाडीसमोर नेऊन ठेवली आणि म्हणाला, “बसा, बाबा. काम बघा. मन रमेल.”

तरी उस्ताद गाडी काढत राहिले. गाडी नाही म्हणजे मागची खोली आणि भिंत. गाडी रस्त्यावर झिंगल्यासारखी चालायची, जरा खड्डा आला की नाक भलतीकडे फिरवायची. पोरं ओरडायची, “अर्धा उस्ताद पूर्ण टाकून आलाय.” शेवटी एका वळणावर ती त्यांच्या हातात राहिली नाही आणि कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या फाटकाला घासली.

मुलीने चावी मागितली. “हात थरथरतात तुमचे. नजर गेली. माणूस मारून याल एखादा.”

जावई मात्र शांतपणे त्यांच्यासमोर उकिडवा बसला. “थांब गं. बाबा, आपणच सांगा. गाडीत काही खोट आहे का? असेल तर आत्ता सगळ्यांसमोर सांगा. काम मी केलंय, दुरुस्त करीन.”

उस्ताद मुलीकडे बघत राहिले. “नाही,” म्हणाले.

“मग खोट कुणात आहे?”

चावी त्यांनी स्वतःच काढून दिली.

तर ते उस्ताद आज माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. मी चहा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “माझ्या नावावर विकतोय. काल फोनवर त्या माणसाला सांगत होता, उस्तादांची स्वतःची गाडी, स्वतःच्या हाताने खाली केलेली, डोळे मिटून घ्या.”

“मग तुम्हीच सांगा ना त्याला खरं काय ते.”

“मी सांगितलं की जावईबापू विचारणार, बाबा, झकास कोण म्हणालं होतं? गल्ली साक्षीला आहे. आणि दुपारी ताटावर तिथंच बसायचंय मला.”

आमचे हे एका पायात मोजा घालून बाहेर आले होते. म्हणाले, “घेणारा बघून घेईल की, काका. गाडी घेताना लोक खाली वाकून बघतातच.”

“उस्तादाच्या गाडीखाली कुणी वाकत नाही,” उस्ताद म्हणाले. “त्याची किंमत तर तिथंच आहे.”

समोर मोटरसायकल थांबली. रोपवाटिका चालवणारा तरुण माणूस, मागे त्याची बायको. जावयाने पुढे होऊन पिकअपचं दार उघडून धरलं. त्या बाईने आत बसून बघितलं, सीटवर हात फिरवला आणि नवऱ्याकडे बघून हसली. तो बॉनेटवर थाप मारत काहीतरी विचारत होता. जावई हसून मागच्या खोलीकडे बोट दाखवत होता. मग मुलीची हाक आली, “बाबा, या बाहेर. चावी तुमच्या हातून द्यायचीय.”

उस्ताद जागचे हलले नाहीत. काठी मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली आणि खिडकीकडे न बघता माझ्याशी बोलले.

“ताई, मला दुसरं काही नको. त्या माणसाला एवढंच सांगून या, हे काम माझ्या हातचं नाही.”